नळीतला वारा

१

बंदूक धुवायला पाणी कढत लागतं. कोमट पाण्यानं धुतलं तर नळी वरून चकचकीत दिसते आणि आतून घाणच राहते. हे ज्ञान मला नोकरीत मिळालं नाही. येडशीच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत, पण त्या पुस्तकात ठासणीच्या बंदुकीचा धडा नव्हता. तो मला संसारात मिळाला. आमच्या ह्यांना, म्हणजे बब्रुवानरावांना, तसली एक बंदूक होती आणि तिचं न्हाणंधुणं आमच्या घरी सणासारखं चालायचं.

शेत रामलिंगच्या जंगलाला लागून. रानडुकरं येतात आणि एका रात्रीत ज्वारीचा पट्टा आडवा करून जातात. म्हणून पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेला. ह्यांनी नळीत छर्रा कधी भरला नाही. दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा ठासायचा आणि आभाळाकडं तोंड करून बार काढायचा. डुकरं पळायची, आणि आमची म्हैस दोन दिवस दूध चोरायची. एवढीच काय ती आमची शिकार.

बंदूक जुन्या घडणीची, पण होती नवीकोरी. सासऱ्यांची तशीच एक होती. ती कधीकाळी ठाण्यात जमा झाली आणि तिथंच गंजून गेली. ह्यांनी ती लहानपणी पाहिलेली, आणि ती त्यांच्या डोक्यातून जाईना. आमचा कैवल्य चौथीत असताना ह्यांनी सोलापूरच्या एका दुकानदाराचा पिच्छा पुरवून अगदी तशीच मागवली. तशीच लांब नळी, तसाच शिसवी दस्ता. ती घरात आली त्या दिवशी ह्यांनी मला तिच्या शेजारी उभं करून फोटो काढला. फोटो नेमका कुणाचा होता, ते आमच्यात शेवटपर्यंत ठरलं नाही.

बार काढल्यावर नळीत काजळी बसते आणि ती लोखंड खाते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बैठक. आधी गज नळीत सोडून बघायचा. गजावर एक खूण होती. खूण नळीच्या तोंडाशी आली की बंदूक रिकामी, चार बोटं वर राहिली की आत बार आहे. मग कढत पाणी, साबण, परत पाणी, कोरडी चिंधी, खोबरेल तेल. चिंध्या सगळ्या माझ्या जुन्या साड्यांच्या. माझी लग्नातली जांभळी साडी त्या नळीतून किती वेळा आली-गेली, याची गणती नाही.

शेवटी परीक्षा. घोड्याखाली एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्याच्यावर तांब्याची टोपी बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो आणि ठिणगी कानातून आत जाते. कान बुजलेला असेल तर बार होत नाही. म्हणून हे घोडा अर्धा वर करायचे, नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारायचे आणि मी कानाशी तळहात धरायचे.

"बाई, लागतोय का वारा?"

"लागतोय."

शाळेतली मुलं मला बाई म्हणायची म्हणून हेही म्हणायचे, आधी चिडवायला, मग सवयीनं. तंबाखू मी सोडायला लावली तेव्हापासून गालात लवंग असायची, त्यामुळं तळहातावर यायचा तो वारा लवंगेचा. नळीला तोंड लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मी दर वेळी सांगायचे. वडील असंच करायचे, असं ते दर वेळी सांगायचे. कैवल्यला मात्र त्यांनी एकदाही फुंकू दिलं नाही. पोरगा हट्टाला पेटायचा. मी आहे तोवर तुझं तोंड हिला लागायचं नाही, एवढंच ते म्हणायचे.

सगळं झालं की ते अंगठ्यानं घोडा खाली उतरवायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख ट्रॉलीत चेंगरून उभं दुभंगलेलं होतं. पोर झोपलेल्या खोलीचं दार लावावं, तसा तो घोडा हळूच खाली यायचा. मला ते बघायला फार आवडायचं. त्यांना तसं कधी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत असावं.

२

हे कार्तिकात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ज्वारी तेव्हा गुडघ्याला लागली होती.

शेजारच्या शेतातले धोंडप्पा म्हणजे ह्यांचे बालमित्र. त्यांनी दिवसकार्य झाल्यावर उरलेली दारू आणि टोप्या बादलीत भिजवून खड्डा करून पुरून टाकल्या. घरात एकटी बाई, नको ते राहायला, असं त्यांचं म्हणणं. मलाही पटलं. बंदूक कपाटात गेली, किल्ली माझ्या कमरेला.

कैवल्य पुण्याला चल म्हणाला. मी म्हटलं, म्हशीला लिफ्ट आहे का तुझ्याकडं? तो विषय तिथंच संपला.

न उडवलेल्या बंदुकीला धुवायची गरज नसते, तेलाचा बोळा फिरवला की झालं. मला हे कळत होतं. तरी आठवड्याला मी पाणी तापवायचे आणि पडवीत बसायचे. मला ह्यांची फार आठवण यायची, आणि बंदूक धुताना ती जरा कमी यायची. याला शास्त्रीय कारण काही नाही.

फुंकर मारायला माणूस नव्हतं, तेव्हा परीक्षा व्हायची नाही. कानातून पाणी ठिबकलं की कान मोकळा, असं मी मानून घेतलं होतं. पौषातल्या एका सकाळी सगळं उरकलं, नळी उशीला टेकवून ठेवली, घोडा अर्धा वर केला, आणि हात आपसूक कानाशी गेला. इतक्या वर्षांची सवय, हाताला कुठं ठाऊक काय झालंय ते.

तळहाताला वारा लागला.

"लागतोय," मी म्हणाले. म्हणून गेल्यावर हात मागं घेतला.

३

आता मी विज्ञानाची बाई. आधी मला स्वतःचंच हसू आलं. नळी कढत पाण्यानं तापलेली, आतली हवा गरम, गरम हवा हलकी होऊन वाट मिळेल तिथून बाहेर पडणार. आठवीच्या पोरानं सांगितलं असतं. मी नळी पडवीत पार गार होऊ दिली आणि मग हात धरला.

वारा आला. तो कोमट होता.

मग नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवला. तरी आला. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, स्वतःचा श्वास रोखून धरला. वारा आला, थांबला, परत आला. फुंकर मारणारा माणूस दम घ्यायला थांबतो, तेवढाच थांबला. मी तळहात नाकाशी नेला. लवंग.

घाबरले का? खरं सांगायचं तर त्या दिवशी नाही. मी पदर डोळ्याला लावला आणि पोटभर रडले. मग उठून चहा केला, आणि दोन कप केला हे ओतताना लक्षात आलं.

त्यानंतर माझे दिवस बरे गेले. आठवड्याचं धुणं चार दिवसांवर आलं, मग रोजचं झालं. मी हात धरायचे आणि बोलायचे. म्हैस व्यायली, पारडी झाली. कैवल्यची बायको हर्षाली फोनवर सांगत होती, तिथं टँकरनं पाणी आणतात. तुमची ज्वारी धोंडप्पांनी काढून दिली, कणसं बरी भरली होती. प्रत्येक वाक्याला वारा यायचा, हलकासा. हे जिवंतपणीही माझ्या बोलण्याला एवढाच हुंकार द्यायचे, त्यामुळं फरक फारसा जाणवला नाही.

एक प्रश्न मात्र मी बाजूला सारत होते. ती बंदूक जुनी असती, दहा हातांतून फिरलेली असती, तर तिच्यात कुणी असण्यानसण्याच्या गोष्टी निघाल्या असत्या. ही तर दुकानातून खोक्यात बंद होऊन आलेली. आमच्या घराशिवाय तिनं काही पाहिलेलंच नव्हतं. म्हणजे आत असतील तर हेच. असं मी स्वतःला समजावत होते. पण सासऱ्यांच्या बंदुकीची जी घडण तंतोतंत उचलली, तिच्याबरोबर आणखी काय उचललं गेलं असेल, हा विचार कधीमधी मनात यायचा. मी तो पुरा होऊ द्यायचे नाही.

४

माघ संपताना धोंडप्पा निरोप घेऊन आले. पडवीच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ म्हशीचंच कौतुक करत राहिले. वाईट बातमी सांगायची त्यांची तीच रीत.

"वैनी, ठाण्यातनं निरोप हाय. परवाना दादाच्या नावचा. दादा न्हाय म्हणल्यावर बंदूक जमा करावी लागती. मग वारसाचं नाव लागलं तर परत देत्यात."

मी कैवल्यला फोन केला. तो म्हणाला, आई, मला नको ती बंदूक, मी रविवारी येतो आणि कायमची देऊन टाकू. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सासऱ्यांच्या बंदुकीचं काय झालं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हात धरून मी ह्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ वारा आला नाही. मग काहीतरी झालं, पण ते उलटं. तळहाताची कातडी कानाकडं ओढली गेली. कुणीतरी आतून श्वास घेत होतं. फुंकर नव्हे, नुसता आत घेतलेला श्वास, लांबच लांब. एवढ्याशा भोकातून इतकी ओढ येईल असं वाटलं नव्हतं. मी हात हिसकला. तळव्याच्या मधोमध लाल गोल उमटला होता.

हात नाकाशी नेला. लवंग नव्हती. ओल्या राखेचा वास होता.

मी गज उचलला आणि नळीत सोडला. का, ते सांगता येणार नाही. खूण नळीच्या तोंडाच्या चार बोटं वर राहिली.

मी परत सोडला. चार बोटं.

कालच मी त्या नळीत तांब्याभर पाणी ओतलं होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती आणि दारू धोंडप्पांनी पुरलेली. मी टोकाला पेच असलेला गज आत फिरवून बोळा ओढून काढला आणि नळी उलटी केली. पेपरवर काळी दारू पडली, खडखडीत कोरडी. ती मी लांब उकिरड्यावर नेऊन भिजवली. बोळा मात्र हातात धरून बसले. त्या बंदुकीत गेलेली प्रत्येक चिंधी माझ्या हातची होती, एकेक साडी मला आठवते. हे जाड, काळपट, करवतीसारखं खरखरीत कापड माझ्या कुठल्याच साडीचं नव्हतं.

त्या दिवसापासून मी हात धरला नाही. रोज सकाळी कपाट उघडून फक्त गज सोडायचे. खूण तोंडाशी यायची, मी कपाट लावायचे. शहाणपण सांगत होतं की हा धोंडप्पांचा किंवा माझ्याच म्हातारपणाचा घोळ असणार. मी शहाणपणाला हो म्हणत होते आणि रविवारची वाट बघत होते.

५

कैवल्य सकाळच्या गाडीनं आला. जेवला, म्हशीच्या पारडीला खाजवलं, आणि मग ह्यांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या बाजेवर बसला. लेकरू वडिलांसारखंच दिसायला लागलंय हे मला तेव्हा दिसलं.

"आई, द्यायच्या आधी एकदा धुऊ या ना. बाबा करायचे तशी."

मी नको म्हणाले. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. त्याच्या देखत गज सोडला, खूण तोंडाशी आली. त्यानंही वाकून बघितली. घोडा खाली होता, कानावर काही नव्हतं. बंदूक बाजेवर ठेवून मी पाणी आणायला आत गेले. पाणी चुलीवर कढतच होतं, पातेलं फडक्यानं धरून उचलायला लागला तेवढाच वेळ.

मी दारात आले तेव्हा कैवल्यनं नळी मांडीवर घेऊन तोंडाला लावली होती. माझा तळहात यायची वाट बघत थांबला होता, आणि त्याचे डोळे हसत होते, चौथीतल्यासारखे. दोन्ही हात नळीवर होते, दस्त्याकडं एकही नव्हता.

घोडा पूर्ण मागं चढलेला होता. कानावर तांब्याची टोपी चमकत होती.

मी एक पाऊल पुढं टाकलं. हातातलं पातेलं तसंच. चाप आपोआप मागं जाताना मला दिसला, अगदी हळू, कुणीतरी सवडीनं ओढावा तसा. मग घोडा सुटला.

तो आदळायला हवा होता. आदळला नाही. अर्ध्यात अडला, जरासा थरथरला, आणि हळूहळू खाली यायला लागला. एवढा हळू की मला त्याच्यावरचा अंगठा दिसला. फक्त अंगठा. जोर लावून चपटा झालेला, नखात काजळी, आणि नख मधोमध उभं दुभंगलेलं. टोपीवर घोडा टेकला तेव्हा एवढासाही आवाज झाला नाही.

पडवीभर लवंगेचा वास आला.

कैवल्यनं नळी तोंडाची काढली आणि हुंगल्यासारखं केलं. मी पातेलं खाली ठेवलं, त्याच्या हातातून बंदूक घेतली, नळी शेताकडं केली, घोडा जपून वर घेतला आणि टोपी नखानं उपसून काढली. मग गज सोडला. तो चार बोटं वर राहिलेला बघून पोरानं खुणेवर बोट ठेवलं.

"आत्ताच बघितलं होतं ना आपण?"

"बघितलं होतं."

गज मघाशी कुठंतरी अडकला असेल, असं काहीतरी तो म्हणाला. मी बोळा ओढला. तेच काळपट कापड. सगळं कढत पाणी नळीत ओतलं आणि म्हणाले, ऊठ, ठाण्यात जायचंय.

६

ठाण्यात अंमलदार म्हणून शिवांजली होती, माझ्याच हाताखाली शिकलेली. ती उठून उभी राहिली, बाई बसा म्हणाली, बब्रुवानकाकांबद्दल दोन शब्द बोलली. मग रिकामी आहे ना, असं विचारलं. मी गज सोडून तिला खूण दाखवली. आठवड्याला तेलाचा बोळा फिरवशील का, असं मी विचारलं. ती हो म्हणाली, आणि ते तिच्यानं होणार नाही हे आम्हां दोघींनाही कळलं. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून भिंतीला टेकवलेल्या बंदुका दिसत होत्या. त्यांना लावलेल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या.

"बाई, द्या," म्हणत तिनं हात पुढं केले.

मी एक मिनिट मागून घेतलं. घोडा अर्धा वर केला आणि लाल गोल उमटलेला तळहात कानाशी धरला.

वारा आला. लवंगेचा, कोमट, भरभरून. नळी मनासारखी निघाली की हे अशी लांब फुंकर मारायचे. मी डोळे मिटले. "लागतोय," मी हळूच म्हणाले. आणि ती फुंकर अर्ध्यात तुटली. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात दाबावा तशी. पाठोपाठ तळहात आत ओढला गेला, राखेचा वास आला, आणि मग काहीच नाही.

शिवांजलीनं बंदूक घेतली, दस्त्याला चिठ्ठी बांधली आणि आत नेऊन भिंतीला टेकवली. दार लागलं.

बाहेर आल्यावर कैवल्यनं माझा हात धरला. लहानपणीही रस्ता ओलांडताना एवढा घट्ट धरायचा नाही. उन्हात थोडं चाललो. मी म्हटलं, वारस म्हणून माझं नाव लावायचा अर्ज आण. मला ती परत पाहिजे.

तो थांबला. हात मात्र त्यानं सोडला नाही.

"लवंगेचा वास मलाही आला, आई. बाबा असतील आत, तर असू देत. राहू दे ना त्यांना तिथं शांत."

"ते आत एकटे असते," मी म्हणाले, "तर राहू दिलं असतं."